मागचं डावं दार

"ज्याने कुणी माझा ट्रे नेला, त्याला तो लखलाभ होवो."

आमच्या घरी पाहुणा आला आणि चहा प्लॅस्टिकच्या ट्रेमधून बाहेर आला, की आई हे वाक्य म्हणायची. नाव कुणाचंच घ्यायची नाही. नाव न घेणं हा तिच्या मते तिचा चांगुलपणा होता. वाक्य छताकडे बघून म्हटलेलं असे. पण छत सोडून घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, की ते दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या आत्यासाठी आहे. पाहुण्याला मात्र वाटायचं, आपल्यासाठीच आहे. (आमच्याकडे लोक दुसऱ्यांदा का येत नाहीत, याचा उलगडा मला बराच उशिरा झाला.)

ट्रे पितळी होता. आईला तिच्या आईने दिलेला. कडेला 'लेकीस, आईकडून' असं कोरलेलं. मी शाळेत असताना एका रविवारी आत्या दिवसभरासाठी आली, संध्याकाळी गेली, आणि त्यानंतर आईला ट्रे दिसेना. पुढच्या खेपेला आत्यापुढे चहा आला तो प्लॅस्टिकच्या ट्रेमधून, आणि त्याच्या मागोमाग वरचं वाक्य. आत्याने कपाला हात लावला नाही. उठली आणि गेली, ती पुन्हा आमची पायरी चढली नाही. गेल्या हिवाळ्यात बाबा गेले, त्या दिवशीसुद्धा ती फाटकापर्यंत आली, थोडा वेळ उभी राहिली आणि तिथूनच परतली. सख्खा भाऊ होता तिचा. एकुलता एक.

आणि बाबा? ते वाक्य सुरू झालं की बाबा उठायचे. "गाडीतलं पाणी बघून येतो" म्हणून बाहेर जायचे. दिवसातून इतक्या वेळा पाणी बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते पाणीपुरवठा खात्यात क्लार्क होते, म्हणून आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गाडी हा बाबांचा दुसरा संसार होता. (पहिल्यापेक्षा तिथे कमी बोलावं लागे.) शेवाळी रंगाची, गोल दिव्यांची, गिअरचा दांडा स्टेअरिंगला चिकटलेली ती गाडी त्यांनी कधी कुठल्या गॅरेजची पायरी चढू दिली नाही. प्रत्येक रविवारी हातात पान्हा किंवा ब्रश घेऊन ते तिच्याभोवती फिरायचे. घासायचे, भरायचे, रंगवायचे. दवाखान्यात शेवटी शेवटी त्यांना बोलायला त्रास व्हायचा. तरी मला जवळ बोलावून म्हणाले, "गाडी विकू नकोस. आणि मागच्या डाव्या दाराला कुणाला हात लावू देऊ नकोस."

ते मला उद्देशून बोलले ते शेवटचं सबंध वाक्य. मी त्यात काव्य शोधलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी डोळे पुसत सांगायचो, की लग्न झाल्यावर आई याच दारातून पहिल्यांदा गाडीत बसली असणार. एकदा आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "मी कायम पुढे बसायचे." मला वाटलं, दुःखात माणूस असं तुटक बोलतं.

मी स्वभावाने दुरुस्तीवाला आहे, हे इथे सांगायला हवं. पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी पत्रकं लिहितो. 'फेकू नका, दुरुस्त करा' हे घोषवाक्य माझंच. दर शनिवारी मी 'दुरुस्ती मंडळ' चालवतो. लोक बिघडलेले टोस्टर, पंखे, इस्त्र्या आणतात आणि आम्ही ते उघडतो. (बंद करायच्या टप्प्यापर्यंत आम्ही अजून पोचलेलो नाही.) माझी बायको दातांची डॉक्टर आहे. तिचं म्हणणं, काही गोष्टी दुरुस्त होतात, काही उपटाव्या लागतात, आणि यातला फरक कळायला पाच वर्षं कॉलेजात घालवावी लागतात. मी तीनच घालवली.

आमच्या गल्लीत आठवड्याला एक भंगारवाला यायचा. बाबा गेल्यापासून तो फाटकाशी थांबून, ताडपत्रीखालच्या गाडीकडे वारसाच्या नजरेने बघून विचारायचा, "देणार का साहेब?" मी दर वेळी त्याला फेकून देण्याच्या संस्कृतीबद्दल सांगायचो. तो शांतपणे ऐकायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचा. इतका नियमित श्रोता मला संस्थेतही मिळालेला नाही.

तर त्या सोमवारी आत्याचा फोन आला. घरच्या फोनवर नाही, माझ्या मोबाइलवर.

"मी लेकीकडे चाललेय रे. कायमची. घर सोडलं. रविवारी निघतेय."

"कायमची?"

"या वयात जाऊन-येऊन कोण करणार? एक काम करशील? दादाच्या गाडीतून मला स्टेशनावर सोड. मी मागे बसेन. डावीकडे."

आता तुम्हीच सांगा, यातही मला काव्यच दिसणार की नाही? मी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात एक भव्य योजना उभी राहिली. आईलाही गाडीत बसवायचं. दोघी मागच्या सीटवर, स्टेशनापर्यंतचा रस्ता, उतरायची सोय नाही. इतक्या वर्षांचं भांडण मिटायला दुसरी संधी नव्हती. रविवार गेला की आत्या गेली, आणि आई तिचं वाक्य छताला ऐकवत उरलेलं आयुष्य काढणार.

आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. "तुझी आत्या, तुझ्या बाबांची गाडी. माझा काय संबंध?" असं म्हणून तिने एक चांगली शेंग फेकून दिली. माझ्या मते तो होकार होता.

ताडपत्री काढली. गाडी बिचारी उभी होती. मागच्या डाव्या दारावर, खालच्या बाजूला, रंगाला एक फुगा आला होता. नाण्याएवढा. मी तो अंगठ्याने दाबून पाहिला. अंगठा आत गेला.

"अंगठा का घातलास?" बायकोने विचारलं.

"बघत होतो."

"माझे पेशंटही हेच म्हणतात."

आत्या ज्या दाराशी बसणार त्याच दाराला भोक. शिवाय दार नीट लागत नव्हतं, ओढलं की कण्हायचं. बाबांनी हात लावू नकोस म्हटलं होतं खरं. पण गंजाला हात लावू नकोस असं त्यांना म्हणायचं नसणार, असं मी ठरवलं. दुसऱ्याला काय म्हणायचंय हे ठरवण्यात आम्ही ध्येयवादी माणसं फार तयार असतो.

मंगळवारी रजा टाकून मी गाडी त्याच कंपनीच्या शोरूमवर नेली. आत गारवा होता आणि फुलं नसताना फुलांचा वास होता. काउंटरवरच्या मुलीने मॉडेल विचारलं, टाइप केलं, पुन्हा टाइप केलं.

"सर, ही गाडी सिस्टीममध्ये दिसत नाहीये."

"बाहेर दिसतेय. काचेतून बघा."

तिने मान लांब करून बघितलं. "सर, ती तिथून हलवावी लागेल. तिथे गाड्या उभ्या करतात."

पुढचं दुकान एका डेंटरचं होतं. पत्र्याचे पोचे काढणारा, रंग मारणारा, जाडजूड माणूस. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि डॉक्टर छातीवर टिचक्या मारतो तसा गाडीभोवती टकटक करत फिरला. दोन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर आत गेला. तो काढून त्याने टोकावरची लाल पूड मला दाखवली.

"गाडीला गंज लागलेला नाही," तो म्हणाला. "गंजाला थोडी गाडी लागलीय. भंगारात द्या."

मी त्याला बदलण्याच्या हव्यासाबद्दल, वस्तूंच्या प्रतिष्ठेबद्दल बराच वेळ सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"तुम्ही शिकवता का कुठे?"

"नाही."

"मग ठीक आहे."

त्यानंतर मी शहरभर फिरलो. दुकानं वेगवेगळी, पण स्क्रूड्रायव्हर सगळ्यांकडे सारखाच. जो तो तपासायला म्हणून एक भोक पाडायचा आणि जमणार नाही म्हणायचा. सकाळी एका भोकानिशी निघालेली गाडी मी संध्याकाळी चाळणी करून घरी आणली. त्या दिवशी मी एकट्याने तिचं जितकं नुकसान केलं, तितकं पावसाने इतक्या वर्षांत केलं नव्हतं.

बुधवारी कुणीतरी एका खास जुन्या गाड्यांच्या कारखान्याचा पत्ता दिला. तिथली फरशी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यापेक्षा स्वच्छ होती. मालक हळू आवाजात बोलणारे गृहस्थ, हातात पांढरे मोजे. स्क्रूड्रायव्हर नव्हता, म्हणून मला भरून आलं. त्यांनी रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि गाडीच्या अंगावरून फिरवायला सुरुवात केली. जिथे लोखंड असेल तिथे चिकटेल, पुट्टी असेल तिथे पडेल, असा हिशेब. बॉनेटला चिकटलं. पुढच्या दाराला चिकटलं. मागच्या डाव्या दाराला लावलं आणि ते टप्पकन खाली पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"इथे लोखंडच नाही," ते म्हणाले.

"मग काय आहे?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय. वडील काय करायचे?"

"पाणीपुरवठा खात्यात क्लार्क होते."

त्यांनी सगळं कळल्यासारखी मान हलवली. म्हणाले, गाडी ठेवून जा, संपूर्ण उघडू, उरलं असेल ते वाचवू, दोन वर्षांनी या. मी म्हटलं, मला रविवारी हवीय. त्यांनी एकेक करून हातमोजे काढले. नंतर लक्षात आलं, बोलणं संपल्याची ती खूण होती.

खरं सांगायचं तर तोवर मी दुकान शोधणं सोडून दिलं होतं. मी आता 'हो' म्हणणारा माणूस शोधत होतो. असा माणूस शोधला की सापडतोच. तो गुरुवारी बाजारामागच्या बोळात सापडला. आसपासचे लोक त्याला होयबा म्हणत.

"दार होईल का?"

"होईल."

"रविवारपर्यंत?"

"शनिवारी न्या."

"आणि दार ज्या खांबाला लटकतं तो? बिजागऱ्या?" हे बायकोने विचारलं. ती दवाखान्यातून परस्पर आली होती.

"खांब शंभर वर्षं हलणार नाही, वहिनी."

"बघितलात?"

"बघायचं काय त्यात? हात लावला की कळतं."

त्याने हात लावला नव्हता. मी बायकोच्या पायावर हळूच पाय ठेवला. परत येताना ती म्हणाली, "हा माणूस दात उत्तम बसवेल. जबड्याचं मी सांगत नाही."

शुक्रवारी दुपारी होयबाचा फोन आला. आवाज अगदी दबका. "साहेब, असाल तसे या. फोनवर बोलण्यासारखं नाही."

मी गेलो तर दुकानाचं शटर अर्धं खाली. वाकून आत शिरलो. होयबाने शटर पूर्ण पाडलं, दिवा लावला आणि दाराकडे बोट दाखवलं. रंग खरवडला होता, त्याखालची बोटभर पुट्टी खरवडली होती, आणि आतून पिवळंधमक काहीतरी चमकत होतं.

"सोनं," होयबा म्हणाला.

"काहीतरीच."

"वडील जाताना काही बोलले होते का?"

"या दाराला कुणाला हात लावू देऊ नकोस म्हणाले होते."

"मग सोनंच," असं म्हणून तो खाली बसला.

मी गुडघ्यांवर बसून दिवा जवळ धरला. उरलेली पुट्टी नखाने काढली. आधी एक वेलबुट्टी निघाली. मग अक्षरं. 'लेकीस, आईकडून.'

कुठल्याही विनोदी गोष्टीत या जागी नायकाला हसू येतं. मला नाही आलं. मी त्या दारासमोर बसून राहिलो आणि मला बाबा दिसायला लागले. आई वाक्य सुरू करतेय, ते उठतायत, पाणी बघायला बाहेर जातायत, आणि बॉनेट न उघडता मागच्या डाव्या दाराशी उभे राहून उगाच फडक्याने ते पुसतायत. मी खिडकीतून कित्येकदा पाहिलं होतं. मला वाटायचं, काय हे प्रेम. त्या रविवारी दाराला भोक दिसलं असणार, दुकानं बंद, आणि ओट्यावर बरोब्बर त्या मापाची सपाट वस्तू. नंतर दुसरा आणून देऊ, असं म्हणाले असतील मनात. रंगाचा हात सुकायच्या आत घरात बोंब उठली. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, आणि मग प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेला.

होयबाने ट्रे सोडवून दिला. चार कोपऱ्यांना स्क्रूची चार भोकं. त्याच्या जागी तो नवा पत्रा वेल्ड करणार होता. ट्रे वर्तमानपत्रात गुंडाळताना त्याने इतक्या दुःखाने पाहिलं, की मला त्याचंच सांत्वन करावं लागलं.

"आईंना सांगून टाक," घरी सगळं ऐकून बायको म्हणाली.

"विचार करू."

"तू? विचार?"

टोमणा योग्य होता. संस्थेच्या प्रत्येक पत्रकात 'सत्य' हा शब्द घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण आईकडे आता बाबांच्या आठवणींशिवाय होतं काय? त्यांचा चष्मा तिने अजून टेबलावरून हलवला नव्हता. तिला जाऊन सांगायचं, की तुझा नवरा आयुष्यभर तुझ्याशी खोटं वागत राहिला, स्वतःच्या बहिणीला चोर ठरू दिलं आणि वरून दार पुसत बसला? तोंड उघडेना. आणि तोंड न उघडण्याची ही पद्धत मी कुठून उचलली, तेही कळत होतं.

मग मी तेच केलं जे बाबांनी केलं असतं. लपवालपवी. ट्रे टूथपावडरने घासला (बायकोने क्लिनिकमधली पेस्ट द्यायला साफ नकार दिला), माळ्यावर जुन्या गाद्यांमागे ठेवला आणि शनिवारी संध्याकाळी, गाडी घरी आणल्यावर, अंगावर धूळ उडवून घेऊन खाली उतरलो.

"आई, माळ्यावर बघ काय सापडलं."

आईने ट्रे हातात घेतला. अक्षरांवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा असा झाला, की मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. मग तिने ट्रे उलटा केला.

"ही भोकं कसली?"

"उंदीर," मी म्हणालो. "माळ्यावर फार झालेत."

"ड्रिल घेऊन हिंडतात वाटतं."

मी अंगावरची धूळ झटकायला लागलो.

"आणि कडेच्या खाचेत हा शेवाळी रंग त्यांनीच लावला?"

बायको उठून आत गेली. ती आत हसत होती की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

"कुठे होता?" आईने विचारलं.

"मागच्या डाव्या दारात."

आईने ट्रे खाली ठेवला. टेबलावरचा चष्मा उचलला, त्याच्या काड्या मिटल्या, पुन्हा उघडल्या.

"मला वाटायचं, बहिणीविरुद्ध ऐकवत नाही म्हणून उठून जातात," ती म्हणाली. "त्या गोष्टीचाही मी त्यांच्यावर राग धरला होता. फुकट गेला तो." आणि तिने चष्मा खणात टाकून खण बंद केला.

रविवारी सकाळी मी गाडीची किल्ली घेऊन बाहेर आलो, तर आई आधीच गाडीत. मागच्या सीटवर, उजव्या बाजूला, मांडीवर ट्रे. बायको माझ्या शेजारी बसली. होयबाचं दार खरंच सुरेख झालं होतं. नव्या पत्र्याचं, भक्कम, आरशासारखं गुळगुळीत. गाडीच्या इतर अंगाशेजारी ते म्हाताऱ्याच्या तोंडातल्या पांढऱ्याशुभ्र कवळीसारखं दिसत होतं, पण बंद करताना कण्हत नव्हतं.

आत्या दोन बॅगा घेऊन दारात उभी होती. तिच्यामागे रिकाम्या खोल्या दिसत होत्या, भिंतींवर फोटो काढल्याचे चौकोन. गाडी थांबली, तिने आत पाहिलं आणि ती होती तिथेच उभी राहिली. मी प्रस्तावना तयार ठेवली होती. क्षमा, काळ आणि मानवी नाती असे तीन मुद्दे होते. मी घसा साफ केला. आईने काच खाली केली आणि ट्रे वर धरला.

"सापडला का," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात नवल नव्हतं.

"दारात होता, वन्सं."

"ठाऊक आहे. मीच धरला होता. दादा स्क्रू मारत होता."

माझे तीनही मुद्दे जागीच संपले.

"तुम्ही धरला होता?" आई म्हणाली.

"कोपरे हलत होते म्हणून मला हाक मारली त्याने. मी म्हटलं, वहिनींना विचारलंस का? तर म्हणाला, रात्री सांगतो. मग म्हणाला, पुढच्या रविवारी सांगतो. मग रस्त्यात मी दिसले की गाडी दुसऱ्या गल्लीत घालायला लागला."

"तुम्ही सांगायचं होतं मला."

"काय सांगायचं होतं, वहिनी? तुम्ही माझं नाव घेतलंत का कधी? नाव घेतलं असतंत तर तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं. 'ज्याने कुणी'च्या वतीने मी कसं बोलणार?"

आईने वर धरलेला ट्रे खाली घेतला. ज्या चांगुलपणाचा तिला इतकी वर्षं अभिमान होता, तो ट्रेच्याच बाजूला मांडीवर येऊन बसला होता.

आत्या बसली. दार 'ठप्प' असं श्रीमंत आवाज करत बंद झालं. मी गाडी सुरू केली. आरशात मला दोघींचे चेहरे दिसत होते, एक डाव्या खिडकीबाहेर बघत असलेला, एक उजव्या. बाजार गेला, शाळा गेली. माझ्या भव्य योजनेत या ठिकाणी दोघींनी एकमेकींचे हात हातात घ्यायचे होते.

"मागितला असता तरी मी दिला नसता," शेवटी आई खिडकीला म्हणाली.

"म्हणून तर मागितला नाही त्याने," आत्या तिच्या खिडकीला म्हणाली.

पुन्हा एक चौक गेला.

"माझं डब्याचं झाकणही असंच गेलं होतं."

"ते डिक्कीत असेल बघा. तळाला."

"आणि लोखंडी तवा?"

"तवा ड्रायव्हरच्या पायाखाली. तो मला दाखवला होता त्याने."

मी पाय जरा वर उचलला. बायको खाली बघायला लागली. मागे दोघी मिळून आता बाबांची झाडाझडती घेत होत्या. त्यांचा भित्रेपणा, त्यांचं पाणी बघणं, त्यांची रंगाची बोटं. कुणीच त्यांची बाजू घेत नव्हतं, आणि स्वतःची बाजू मांडायला आता ते नव्हते. मध्येच आत्याचा आवाज फाटला. मग आई म्हणाली, "चार दिवस राहून गेला असतात."

"तिकीट काढलंय."

"आधी यायचं होतंत."

"फाटकापर्यंत आले होते, वहिनी."

मला वाटतं, माझ्या डोळ्यांपुढे थोडं धूसर झालं होतं. स्टेशनाच्या वळणावर गतिरोधक आहे, हे मला रोज दिसतं. त्या दिवशी नाही दिसलं.

गाडी उडाली आणि आदळली. होयबाचं दार जसंच्या तसं होतं. त्याला ओरखडासुद्धा आला नाही. ते फक्त गाडीत राहिलं नाही. शंभर वर्षं न हलणारा खांब बिस्किटासारखा फुटला, नव्या पत्र्याचा भार घेऊन दार रस्त्यावर गेलं, आणि मागच्या डाव्या बाजूला नुसतं मोकळं आकाश उरलं. आत्या त्या आकाशाकडे घसरली.

"अगं, धर मला," आई ओरडली. आयुष्यभर अहो-जाहो केलेल्या नणंदेला तिने दोन्ही हातांनी दंडाला धरून आत ओढलं. दोन्ही हातांनी, म्हणजे ट्रे सोडून. ट्रे मांडीवरून घरंगळला, मोकळ्या जागेतून बाहेर गेला, रस्त्यावर खणखणत कोलांट्या घेत गटाराच्या कडेला जाऊन आडवा झाला.

मी गाडी बाजूला घेतली. मागे वळून पाहिलं. आईने आत्याचा दंड अजून सोडला नव्हता. आत्या ट्रेकडे बघत होती. आई बघत नव्हती.

"तुझी गाडी चुकेल," आई म्हणाली.

"चुकू दे," आत्या म्हणाली. मग जरा वेळाने, "नाही, जायला हवं. घराची किल्ली देऊन टाकलीय."

दोघी बॅगा घेऊन एकमेकींना धरून स्टेशनाकडे चालू लागल्या. बायको त्यांच्यामागे गेली. मी दार उचलायला मागे आलो, तर ते आधीच कुणीतरी उचललं होतं. आमच्या गल्लीतला भंगारवाला. त्याची हातगाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. एका काखेत ट्रे, दोन्ही हातांत दार. त्याने ते उन्हाकडे धरून पुढून पाहिलं, मागून पाहिलं, बोटाने वाजवून पाहिलं. मग माझ्याकडे, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या गाडीकडे.

"दार एक नंबर झालंय, साहेब," तो म्हणाला. "आता याला बसेल अशी एखादी गाडी बघा."